पंचमीच्या आत शॉकअप

“हात लावू नको, मल्ल्या! पायावर पडंल!”

हा आवाज मल्लिनाथच्या कानात लहानपणी शिरला आणि तिथंच बिऱ्हाड करून राहिला. लातूरच्या भुसार बाजारात त्याच्या वडिलांचं, शंकरप्पांचं, धान्याचं दुकान होतं. तुरीच्या पोत्याला टेकून लहानगा मल्लू लोखंडी वजनांची उतरंड रचायचा. मोठ्यावर मधलं, मधल्यावर धाकटं, आणि सगळ्यांत वर ते बारकं पिल्लू ठेवायला जीभ बाहेर काढून वाकला रे वाकला, की गादीवरून आवाज यायचा: हात लावू नको!

पुढं मल्लू मोठा झाला, आवाज मात्र तेवढाच राहिला. तो बल्ब बदलायला स्टुलावर चढला की आवाज यायचा. मिक्सरचं झाकण फिरवलं की यायचा. शेवटी त्यानं भूगोलाचा मास्तर व्हायचं ठरवलं, कारण भूगोलात हात लावण्यासारखं काही नसतं. हिमालय जिथं आहे तिथं असतो, मास्तरानं लांबून छडी दाखवली की झालं.

अशा माणसानं एका श्रावणात घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं, गाडीचे मागचे शॉकअप बदलायचं मनावर घेतलं.

तसं कारणही होतं. गाडी जुनी, आणि अलीकडं तिनं मागून बूड टेकलं होतं. खड्डा आला की धाडकन् आदळायची. शंकरप्पांच्या कमरेत त्यानं अशी कळ जायची की त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. एसटीची पायरी तर त्यांना आता चढवत नव्हती. आणि नागपंचमी तोंडावर आली होती. पंचमीला भावानं बहिणीच्या दारात जायचं असतं, आणि शंकरप्पांची थोरली बहीण गंगम्मा देवणीला वाट बघत होती. मागच्या पंचमीला जाणं हुकलं होतं. यंदा तिनं फोनवर नुसतं ‘ये’ म्हटलं नाही. जात्यावर बसल्यासारखा सूर लावला:

“देवणीची वाट, वळणं घेती बाई,
भाऊ माझा येतो, धुरळा का दिसत न्हाई?”

फोन ठेवल्यावर शंकरप्पा बराच वेळ धोतराच्या काठाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, “अक्काला सांग, कंबर साथ देत न्हाई.” आणि तोंड भिंतीकडं केलं.

त्याच दुपारी मल्लिनाथ मेकॅनिककडं गेला. मेकॅनिकनं गाडीखाली न वाकताच सांगितलं, “शॉकअप गेले. ह्या मॉडेलचा माल इथं मिळत न्हाई सर. मागवा, आन् पंचमी झाल्यावर या.”

“पंचमीच्या आत पाहिजे हो.”

“मग स्वतःच बसवा,” मेकॅनिक हसत म्हणाला.

तो गमतीनं बोलला होता, पण भूगोलाच्या मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ‘हात लावा’ म्हटलं होतं. मास्तर पेटले! रात्रीच्या जेवणाआधी व्हिडिओ बघून झाला. व्हिडिओत एक पोरगा शीळ वाजवत चाक काढतो, नट फिरवतो, जुना शॉकअप उतरवतो, नवा चढवतो, आणि कपड्याला डाग नाही. मल्लिनाथनं तिथल्या तिथं फोनवरून शॉकअपची जोडी मागवली. पत्ता मात्र लातूरच्या माणसानं घालावा तसाच घातला: मठाच्या मागे, शंकरप्पांचं घर, कुणालाही विचारा.

“अहो, घर क्रमांक लिहा की,” त्याची बायको सुकन्या म्हणाली.

“घराला क्रमांक असतो हे आपल्या गल्लीत कुणाला ठाऊक हाय?” हे मात्र खरं होतं.

फोनवर एक हिरवी रेघ सरकू लागली. माल निघाला. माल पोचला. माल पुन्हा निघाला. मल्लिनाथनं वर्गातला मराठवाड्याचा नकाशा घरी आणून भिंतीला लावला आणि पार्सल जिथं जाईल तिथं टाचणी टोचू लागला. एका सकाळी फोननं कळवलं, ‘आज येत आहे’. झालं! त्यानं रजा टाकली, जुनी लुंगी नेसली आणि नव्या वस्तूच्या स्वागताला जुनी काढून ठेवावी म्हणून गाडीखाली शिरला.

इथं शेषेराव हजर झाले. शेषेराव म्हणजे शेजारचे निवृत्त तलाठी. कामाचा पसारा दिसला की त्यांची खुर्ची आपोआप तिकडं सरकायची.

“सर, काय करलालाव?”

“शॉकअप बदलायलोय.”

“तुम्ही?” शेषेरावांनी हा प्रश्न अशा काही सुरात विचारला की मल्लिनाथला गाडीखालीच राहावंसं वाटलं. “बिलकुल घाई करू नका. आधी जॅकखाली फरशी ठेवा. न्हाई तर जॅक जमिनीत जातो. आमच्या साडूचा गेला होता.”

फरशी ठेवली. ती कडाडून फुटली. दुसरी ठेवली. जॅक कुरकुरला, गाडी इंचभर उचलली आणि थकून थांबली.

“रिकामी गाडी इतकी जड?” शेषेराव गाडीभोवती फेरी मारत म्हणाले. “डिक्कीत काय हाय?”

“माझी वाकळ हाय!” शंकरप्पांनी ओट्यावरून जवाब दिला, आणि कमरेची कळ विसरून ते तरातरा खाली आले. खुर्ची ओढून डिक्कीला पाठ लावून बसले. “प्रवासात टेकायला लागती. डिक्कीला कुणी हात लावायचा न्हाई.”

वाकळ एवढी जड कशी, असं विचारायचं मल्लिनाथच्या ओठावर आलं होतं. पण वडिलांशी तांत्रिक बाबींवर बोलायचं नाही असं त्यानं मिक्सरच्या झाकणापासूनच ठरवलेलं होतं.

चाक निघालं. नट मात्र निघेना. व्हिडिओतला नट शिळेच्या तालावर फिरला होता. हा नट गाडीशी लग्न लागल्यासारखा बसला होता. शेषेराव म्हणाले, चुना लावा. सुकन्या म्हणाली, करडीचं तेल सोडा. दोन्ही झालं. गाडीच्या पोटातून भजी तळल्याचा वास येऊ लागला. अखेर मल्लिनाथनं पाना अडकवला, महादेवाचं नाव घेतलं आणि पान्यावर पाय देऊन उभा राहिला. नट सुटला, मल्लिनाथही सुटला, आणि शेजारच्या तुळशीच्या कुंडीत जाऊन बसला. पण सुटला! ऊन कलेपर्यंत दोन्ही जुने शॉकअप अंगणात आडवे पडले होते, आणि गाडी मागची चाकं काढून दगडांवर, उपाशी वासरासारखी, उभी होती.

तेवढ्यात गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली. त्यानं शॉकअप बघून गाडा थांबवला मात्र, शंकरप्पा खुर्चीतून ओरडले, “चल, हो पुढं! ह्या घरातलं लोखंड भंगारात जाणार न्हाई!” भंगारवाला दचकून निघून गेला. दोन गंजलेल्या शॉकअपसाठी एवढा राग कशाला, हे कुणालाच कळलं नाही.

पार्सल काही आलं नाही. संध्याकाळी फोनवर ओळ उमटली: ‘आम्ही येऊन गेलो. ग्राहक घरी नव्हता.’

ग्राहक घरी नव्हता! ग्राहक दिवसभर घरीच होता, शिवाय आडवा होता, आणि त्याचे पाय रस्त्यावर आलेले होते. त्या कुरिअरचं नाव इथं घेत नाही, कारण नाव घेतलं तर तेही म्हणतील आम्ही घरी नव्हतो. मल्लिनाथ तावातावानं फोन लावणार, तोच सुकन्या दारात येऊन उभी राहिली. पदराशी खेळत म्हणाली, “अहो, दुपारी मागच्या दाराला एक माणूस आला होता. पाठीवर दोन लांब खोकी होती. तुमचा फोन माझ्यापाशीच होता. तर मला म्हणाला, ओटीपी सांगा.”

“मग?”

“मी कशाला सांगते! शेषेराव भाऊजींनी गल्लीतल्या समद्या बायांना बजावून ठेवलंय, ओटीपी साक्षात महादेवानं मागितला तरी सांगायचा न्हाई. मी त्याला चांगला हाकलला.”

शेषेरावांची छाती अभिमानानं फुगली. मल्लिनाथनं फक्त डोळे मिटले.

पार्सल रुसून नांदेडला परत गेलं. मल्लिनाथनं कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या बाईनं गोड हिंदीत सांगितलं की आपलं पार्सल आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे, आणि सनई लावून ती निघून गेली. नकाशावर टाचण्या वाढू लागल्या. पार्सल नांदेडहून देगलूरला गेलं, देगलूरहून परत नांदेडला आलं, तिथं विश्रांती घेतली. नववीच्या पोरांना गोदावरीचा उगम ठाऊक नव्हता, पण सरांचा शॉकअप कुठवर आला हे पाठ होतं. गल्लीतले लोक दगडांवरच्या गाडीपाशी थांबून हळू आवाजात ‘कधी झालं?’ असं विचारू लागले.

आणि पंचमी दोन दिवसांवर आलेली असताना, भर वर्गात, वाऱ्यांच्या प्रकारांवर धडा चालू असताना फोन वाजला.

“पार्सल हाय. मठ का?”

“मठच! मठाच्या मागं!” मल्लिनाथ ओरडला.

“ओटीपी सांगा.”

मागची चूक पुन्हा करायला तो काय वेडा होता? त्यानं ओटीपी सांगितला. एकदा सांगितला, मग फळ्यावर लिहून, वाचून, पुन्हा सांगितला. सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटला. ‘पोच झाली’ असा संदेश आला, मास्तरांनी खडू हवेत उडवून झेलला आणि शाळा सुटायची वाट न बघता घरी पळाले.

घरी कुणीच आलेलं नव्हतं.

मठ बरोबर होता, फक्त गाव कंधार होतं. नांदेडच्या पोराला तेवढाच एक मठ ठाऊक असावा. मल्लिनाथनं दहा ठिकाणी फोन करून हे शोधून काढलं आणि भल्या सकाळी एसटी धरली. अहमदपूर मागं पडलं, लोह्याच्या अलीकडं ढग उतरले, सोयाबीनची रानं हिरव्या लुगड्यासारखी वाऱ्यावर सळसळत होती. कुणी रजा टाकून शॉकअपच्या मागावर निघालंय याचं त्या रानांना काही नव्हतं. मल्लिनाथला मात्र आपण मोहिमेवर निघालोय असं वाटत होतं. उद्या पंचमी, आज माल हातात, संध्याकाळी चाकं गाडीला!

मठाच्या दारात कारभारी वीरेश स्वामी भेटले.

“शरणु शरणार्थी,” मल्लिनाथ म्हणाला. “माझी दोन खोकी चुकून इथं आलीत.”

“चुकून इथं काही येत न्हाई,” स्वामी शांतपणे म्हणाले. “काल आल्या त्या समया हायत. एका भक्तानं कबूल केल्या होत्या. या, दर्शन घ्या.”

आत गादीसमोर पाटावर ती दोन लांब खोकी मांडलेली होती. त्यांच्यावर भस्माचे तीन-तीन पट्टे ओढलेले, बेल वाहिलेला, झेंडूची माळ, आणि वर लाल नाड्याचे वेढे. समोर उदबत्ती. एक म्हातारी नमस्कार करून उठत होती.

“स्वामी, ते... शॉकअप हायत. गाडीचे.”

स्वामींनी त्याच्याकडं बघितलं. “लेबल हाय, वाचा,” मल्लिनाथ काकुळतीनं म्हणाला.

“देणगीचं लेबल वाचायचं नसतं. आन् महाराजांच्या हाताशिवाय ती फोडायचीही नसती. महाराज श्रावणाच्या अनुष्ठानाला कर्नाटकात हायत. श्रावण झाला की येतील.”

मल्लिनाथच्या डोळ्यांसमोर भिंतीकडं तोंड केलेले अप्पा आले. त्यानं तिथंच मांडी ठोकली आणि सगळं सांगितलं: कंबर, देवणी, गंगम्मा, वाटेवर न दिसणारा धुरळा. ‘भाऊ माझा येतो’ ही ओळ त्यानं म्हणून दाखवली, तशी नमस्कार करून निघालेली म्हातारी मागं फिरली आणि स्वामींना म्हणाली, “पंचमीला भाऊ अडवताव व्हय ओ स्वामी?”

स्वामी विरघळले. त्यांनी महाराजांना व्हिडिओ कॉल लावला. महाराज पडद्यावर आले, पण त्यांचं मौन होतं! स्वामींनी सगळी हकिकत सांगितली, खोक्यांवरून फोन फिरवला. महाराजांनी पाटी घेतली, पेन्सिल कुरकुरली, आणि पाटी पडद्यासमोर आली: ‘दुसऱ्याचे धक्के सोसणाऱ्याला अडवू नये. भस्म पुसू नका.’

परतीच्या एसटीत ती माळ घातलेली खोकी मांडीवर घेऊन मल्लिनाथ बसला. शेजारच्यानं नमस्कार केला. मागच्या बाईनं खोक्याला हात लावून पोराच्या कपाळाला लावला. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायला आला होता, तो टोपी काढून पुढं गेला. अहमदपूरला कुणीतरी नारळ ठेवला. मल्लिनाथनं दोनदा ‘शॉकअप हायत’ म्हणून बघितलं. लोकांना तो अवघड शब्दाचा देव वाटला असावा.

घाटात झाड पडून बस खोळंबली, आणि घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. एक शॉकअप बसला. दुसरा बसायच्या आत सुकन्यानं गाडीखाली डोकावून सांगितलं, “आता उठा. उरलेलं सकाळी.”

आणि सकाळ उजाडली ती पंचमीची. पंचमीला काही कापायचं नाही, चिरायचं नाही, खणायचं नाही, तवाही चुलीवर ठेवायचा नाही. मल्लिनाथनं दुसऱ्या खोक्यावर सुरी धरली आणि तीन दिशांनी तीन ओरडे आले.

“सुरी?” शेषेराव खुर्चीसकट धावले. “पंचमीला? सर, नाग कुठल्या बिळात असंल ते काय तुमच्या नकाशात हाय का?”

“टेपच तर कापायचाय.”

“कापणं ते कापणं. ह्यात सवलत न्हाई.”

मग त्या टेपला कोमट पाणी लावलं. सुकन्यानं नखं लावली. शेषेरावांनी दात लावले, त्यांतला एक मूळचा नव्हता, तो टेपला चिकटून राहिला. नाड्याच्या गाठी सोडता सोडता सुकन्याची बोटं लाल झाली. शेवटी शॉकअप बाहेर आला, पण पाना हातात घेतल्यावर नवाच वाद उभा राहिला: नट आवळणं पंचमीला चालतं का? शेषेराव म्हणाले, पाना हत्यारच आहे. सुकन्या म्हणाली, मग झोपाळ्याची दोरी बांधतात ती? दोघंही शंकरप्पांकडं बघू लागले.

शंकरप्पा डिक्कीपाशी बसून होते. त्यांनी पोराकडं बघितलं. लुंगीला तेल, कानाला चुना, केसांत बेलाचं पान.

“तोडायला मनाई हाय,” ते म्हणाले. “जोडायला न्हाई. आवळ.”

मल्लिनाथनं असा आवळला की जणू सगळा मराठवाडा त्या नटावर लटकत होता.

आणि गाडी निघाली! काय निघाली! गल्लीतल्या खड्ड्यावरून ती अशी गेली की खड्डा राहिला मागं आणि कळलंच नाही. शेषेराव दात खिशात ठेवून, हात हलवत, कोपऱ्यापर्यंत पळत आले. निलंग्याच्या रस्त्याला लागल्यावर मल्लिनाथ मुद्दाम खड्डे शोधून त्यांच्यावरून गाडी घालू लागला. “अप्पा, लागलं का?” “न्हाई.” “आता?” “न्हाई रे.” मागं सुकन्या लाह्यांचा डबा मांडीवर घेऊन हसत होती. झाडाझाडाला झोके होते, पोरी आभाळाला पाय लावून येत होत्या. मल्लिनाथला वाटलं, आपल्याही पायाखालची जमीन सुटली आहे.

मग पहिला स्पीडब्रेकर आला आणि मागून आवाज आला. खण्ण!

मल्लिनाथचं हसू गोठलं. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा. खण्ण! त्यानं गाडी बाजूला घेतली, इस्त्रीच्या शर्टात खाली शिरला. नट जागेवर, भस्माचे पट्टेसुद्धा जागेवर. पुन्हा निघाला. खण्ण! पुन्हा खाली शिरला. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा शर्टाचं मातेरं झालं होतं.

देवणीच्या अलीकडं, गंगम्माच्या ओवीतलं ते वळण आलं. एक शेतकरी काळ्यापांढऱ्या देवणी बैलांची जोडी धुऊन परत नेत होता. मल्लिनाथनं गाडी थांबवली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

“चुकलं अप्पा. काहीतरी चुकलं माझ्या हातून. तुम्ही म्हणत होताव तेच खरं. मी हात लावायला नको होता.”

शंकरप्पांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बैल लांब गेले. मग त्यांनी दार उघडलं, कमरेवर हात न ठेवता उतरले.

“डिक्की उघड,” ते म्हणाले.

वाकळ बाजूला झाली. स्टेपनीच्या खळग्यात, गोणपाटात, काळी लोखंडी वजनं होती. मोठं, मधलं, धाकटं, सगळी. हळदीचे जुने डाग अजून त्यांच्या कडांना होते. दर दिवाळीला दुकानात ज्यांची पूजा व्हायची ती. गोणपाटाची गाठ सैल झाली होती, आणि वरचं बारकं पिल्लू मोठ्यावर आपटत होतं.

“अप्पा! म्हणजे गाडीचं बूड...”

“ह्यांनीच बसवलं असंल,” शंकरप्पा पुटपुटले. “दुकान आवरलं तेव्हा तू समदं भंगारवाल्याला दिलंस. रागावलो न्हाई. पण पूजलेली वजनं रे. रात्रभर दुकानापुढं भंगाराच्या गाड्यावर पडली होती. एकेक धोतरात घेऊन आणली, आन् जिथं तू हात लावणार न्हाईस तिथं ठेवली.”

मल्लिनाथला हसावं की रडावं कळेना. सुकन्यानं तोंडाला पदर लावला.

“तुझ्या नटात काही चूक न्हाई,” शंकरप्पा म्हणाले. त्यांनी वाकून मोठं वजन काढलं, हातानं पुसलं. “आन् तेव्हाही नव्हती. तू वजनं रचायचास तेव्हा मी गादीवरून बघायचो. एकदाही ढासळली न्हाईत. पायावर पडतील असं कधी वाटलंच न्हाई मला. भीती दुसरीच होती. हात त्यांच्यावर बसला की माणूस दुकान सोडत न्हाई. माझा बसला, माझ्या बापाचा बसला. तू शिकावंस, बाहेर जावंस, म्हणून ओरडायचो. पुढं ती सवयच लागली, जिभेची. म्हणायचं राहूनच गेलं, तुझा हात चांगला हाय ते.”

वळणापलीकडून गंगम्माचा आवाज ऐकू आला. कुणाला तरी विचारत होती, धुरळा दिसला का म्हणून.

शंकरप्पांनी ते वजन लेकापुढं धरलं.

“घे. आता लाव हात.”